फाउंडेशन पक्कं आहे ना?

‘दादा, टच-अप!’

कुठल्याही मराठी मालिकेच्या सेटवर अर्धा तास उभं राहून बघा, ही हाक कानावर पडणारच. हाक आली की हातात स्पंज, खिशात टिश्यू आणि कमरेला ब्रशचा पट्टा अशा अवतारातले एक गृहस्थ लगबगीनं पुढे येतात, हिरोइनच्या कपाळावरचा घाम टिपतात, नाकावर पावडरचा हलका हात फिरवतात आणि तितक्याच लगबगीनं कॅमेऱ्यामागे गायब होतात. त्यांचं नाव काहीही असू दे, सेटवर ते ‘मेकअपदादा’. आणि केस बघणारी जी असते ती ‘हेअरताई’, नाहीतर ‘हेअर दीदी’.

दादा चेहरा रंगवणार, ताई केस बांधणार. सवयीनं पडलेली नावं असतील, असं आपल्याला वाटतं. पण दोस्तहो, ही नुसती सवय नव्हती, चक्क नियम होता!

झालं असं होतं, की मुंबईच्या फिल्म इंडस्ट्रीत काम करायचं तर युनियनचं कार्ड लागतं. मेकअपवाल्यांची युनियन म्हणजे सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन. तिच्या नियमांप्रमाणे बाईला कार्ड मिळायचं ते हेअर ड्रेसरचं. मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषांना. चारू खुराना यांनी कॅलिफोर्नियाच्या सिनेमा मेकअप स्कूलमधून रीतसर शिक्षण घेतलं होतं, तरीही २००९ मध्ये त्यांना हे कार्ड नाकारलं गेलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठानं ही अट रद्द केली. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिलेलं असलं पाहिजे, ही अटही तिच्यासोबत गेली. समानता, आवडीचा व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य, सन्मानानं जगण्याचा हक्क... घटनेतल्या तीन-तीन कलमांना त्या एका नियमानं धाब्यावर बसवलं होतं.

२०१४! म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. तेव्हा आपल्या हातात स्मार्टफोन आले होते, आपण प्रोफाइल पिक्चर बदलत बसलो होतो, आणि इकडे सेटवर एका बाईनं दुसऱ्या बाईला लिपस्टिक लावली तर तो नियमभंग होता. धन्य!

आता तुम्ही म्हणाल, करिअरच्या कॉलममध्ये ही कोर्टकचेरी कशाला? सांगते. हल्ली मला येणाऱ्या मेसेजमध्ये ‘मेकअप आर्टिस्ट व्हायचंय, कुठला कोर्स करू?’ हा प्रश्न पहिल्या पाचांत असतो. विचारणाऱ्या बहुतेक मुली. कोणी बीकॉम झालेली, कोणी आयटीत कंटाळलेली, कोणी बाळ शाळेत जायला लागल्यावर मोकळी झालेली. प्रत्येकीच्या डोक्यात फंडा क्लिअर असतो : कोर्स, सर्टिफिकेट, इन्स्टाग्राम पेज, ब्रायडल ऑर्डर्स. पण घोडं पेंड खातं ते मधल्याच एका पायरीवर. आणि त्या पायरीचा या कोर्टाच्या निकालाशी संबंध आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारी उभं राहण्याची जागा

आपल्याकडे मेकअप हे शिकवायचं काम कधी नव्हतंच, ते बघून उचलायचं काम होतं. पंढरीदादा जुकर हे नाव ऐकलंय? २०२० मध्ये ते गेले, तोवर हिंदी सिनेमातले किती चेहरे त्यांच्या हाताखालून गेले असतील याची गणती नाही. त्यांनी आधी बाबा वर्दम यांच्या हाताखाली काम केलं, मग पुढे रशियात जाऊन मेकअपचा डिप्लोमा केला. क्रम लक्षात घ्या हं. आधी उस्तादाच्या शेजारी उभं राहणं, मग कोर्स. विक्रम गायकवाड यांचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. ‘बालगंधर्व’ (२०११) मध्ये सुबोध भावेला त्यांनी असं काही उभं केलं, की थिएटरात शेजारच्या काकू ‘हा तोच का गं?’ म्हणून विचारत होत्या. त्या कामाला नॅशनल अवॉर्ड मिळालं. २०२५ च्या मे महिन्यात गायकवाडही गेले. गंमत बघा, मेकअपसाठी वेगळं नॅशनल अवॉर्ड आपल्याकडे सुरू झालं तेच मुळी २००६ च्या सिनेमांपासून. तोपर्यंत हे लोक नुसतेच ‘दादा’!

तर मुद्दा असा, की ही सगळी विद्या ट्रंक उचलण्यापासून सुरू व्हायची. पोरगा सीनियरची पेटी वाहायचा, स्पंज धुवायचा, चहा आणायचा आणि डोळे उघडे ठेवायचा. दोन-चार वर्षांनी सीनियर म्हणायचे, ‘आज मागच्या रांगेतले ज्युनियर आर्टिस्ट तू कर.’ मुलींना ही शेजारी उभं राहण्याची जागाच नव्हती. कार्ड नाही म्हणजे सेट नाही, आणि सेट नाही म्हणजे गुरू नाही. मग त्यांच्यासाठी राहिलं काय? ब्युटी पार्लर आणि क्लास. मुलींच्या डोक्यात ‘मेकअप शिकणं म्हणजे कोर्स करणं’ हे समीकरण इतकं घट्ट बसलंय, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. दार उघडलंय २०१४ मध्ये, पण सवयीनं आपण अजून खिडकीतूनच आत बघतोय.

कोर्सवाल्यांना हे समीकरण सॉलिड सोयीचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

मेकअप करायला आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखं लायसन्स लागत नाही. म्हणजे कोर्स न करताही तुम्ही काम सुरू करू शकता. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की अकॅडमी काढायलाही फार काही लागत नाही. रिंगलाइट, चार आरसे आणि भिंतीवर इंग्रजीत एक झोकदार वाक्य, झाली अकॅडमी! दादर, ठाणे, पुण्यात कर्वे रोड, कुठेही जा, वीस-पंचवीस हजारांपासून लाख-दीड लाख आणि त्याच्याही वर, म्हणाल ती फी आहे. चार दिवसांचं ‘मास्टरक्लास’ आहे आणि सहा महिन्यांचा डिप्लोमाही आहे. ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट’ हा शब्द तर प्रत्येक बोर्डावर असतोच. त्यातली सिडेस्को, आयटेक, सिबटॅक ही नावं खरी आहेत, बाहेरच्या देशांत ओळखली जातात आणि क्रूझवर किंवा दुबईच्या सलॉनमध्ये नोकरी करायची असेल तर उपयोगीही पडतात. पण त्यांचा मुख्य भर ब्युटी थेरपीवर, म्हणजे त्वचा, फेशियल, मसाज यांवर असतो. तुम्हाला बोरिवलीत ब्रायडल ऑर्डर्स घ्यायच्या असतील तर आजवर एकाही नवरीच्या आईनं सर्टिफिकेट दाखवा म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ती फोटो बघते आणि शेजारणीला विचारते.

आणि हो, स्वस्तातला एक पर्याय कुणीच सांगत नाही, कारण त्यात ग्लॅमर नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास पुरे. त्वचा, केस, स्वच्छता, सगळ्याचा पाया पक्का होतो. मेकअप त्यातला एक भाग असतो, पण सरकारी सर्टिफिकेट मिळतं आणि फी ऐकून खासगी अकॅडमीवाल्यांना भोवळ येईल इतकी कमी असते.

‘शेड बदला, बाकी सेम!’

या लेखासाठी मी मुंबईतल्या एका अकॅडमीत डेमो लेक्चरला जाऊन बसले. नाव सांगत नाही, कारण त्या एकट्या तशा नाहीत. समोर मॉडेल होती गोरीपान, गाल गुळगुळीत, वय एकोणीस. बाईंचा हात खरंच छान होता. वीस मिनिटांत बेस, तीस मिनिटांत डोळे. टाळ्या! मग तिसऱ्या रांगेतल्या एका सावळ्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, माझ्यासारख्या स्किनला कसं करायचं?’ उत्तर आलं, ‘शेड बदला, बाकी सेम.’

बाकी सेम नसतं हो! इथेच तर खरा अभ्यास आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच चेहऱ्यांवर डोळ्यांखाली, ओठांच्या कडेला, कपाळाच्या बाजूला त्वचा गडद असते आणि तिच्यात निळसर-करडी झाक असते. तिच्यावर थेट फिकट कन्सीलर चोपडला की डोळ्यांखाली राखेचा पोचारा मारल्यासारखं दिसतं. लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही हे शंभरदा पाहिलंय, फक्त कारण माहीत नव्हतं. कारण साधं आहे. निळ्याचा उतारा केशरी. म्हणून आधी केशरी करेक्टरचा पातळ हात द्यायचा, तो नीट थोपटून बसवायचा आणि मग वर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. गोऱ्या मॉडेलवर तेच काम फिकट पीच रंगानं भागतं. म्हणजे गोऱ्या मॉडेलवर शिकलेली मुलगी सावळ्या नवरीसमोर उभी राहिली, की तिच्या पेटीत हवा तो रंगच नसतो.

दुसरं प्रकरण अंडरटोनचं. त्वचा वरून गोरी, गव्हाळ, सावळी काहीही असो, आतून तिला पिवळसर किंवा गुलाबी झाक असते. ती ओळखायची आणि त्याप्रमाणे फाउंडेशन घ्यायचं. सोपं वाटतं ना? मग मॅकच्या काउंटरवर जा. तिथे फाउंडेशनच्या नंबरआधी ‘एनसी’ नाहीतर ‘एनडब्ल्यू’ लिहिलेलं असतं. एनसी म्हणजे न्यूट्रल कूल, एनडब्ल्यू म्हणजे न्यूट्रल वॉर्म. पण एनसी असतं ते पिवळसर, सोनेरी झाकीच्या त्वचेसाठी, म्हणजे जिला सगळं जग ‘वॉर्म’ म्हणतं तिच्यासाठी! आणि एनडब्ल्यू गुलाबी झाकीसाठी. कारण ही नावं त्वचेची झाक सांगत नाहीत, ती झाक कशानं न्यूट्रल करायची ते सांगतात. नाव वाचून उलटं फाउंडेशन विकत घेणाऱ्या किती जणी असतील कोण जाणे.

तिसरा आणि सगळ्यात दुर्लक्षित विषय म्हणजे लाइट. मेकअपचा इतिहास हा खरं तर लाइट आणि कॅमेऱ्याचाच इतिहास आहे. मॅक्स फॅक्टरचा पॅनकेक १९३० च्या दशकात आला तो टेक्निकलर सिनेमासाठी. आपल्या दादा लोकांच्या पेटीतली बर्लिनच्या क्रायोलनची पेंट स्टिक स्टुडिओच्या कडक उजेडात झक्कास चालायची. मग एचडी कॅमेरे आले आणि जाड बेसमधली प्रत्येक भेग घराघरांतल्या टीव्हीवर दिसायला लागली. सगळ्यांनाच हात हलका करावा लागला. आपल्या कामाच्या पातळीवर बोलायचं तर, पिवळा बल्ब साधारण ३२०० केल्व्हिनचा आणि दुपारचा उजेड ५६०० च्या आसपास. हॉलच्या खोलीत पिवळ्या बल्बखाली केलेला मेकअप बाहेर मांडवात उन्हात आला की वेगळाच दिसतो. त्यात वरून सिलिकावाली ‘एचडी पावडर’ सढळ हातानं लावलेली असेल तर फ्लॅश पडल्यावर नवरीच्या डोळ्यांखाली पांढरे चट्टे! आरशात काही दिसत नाही, फोटोत दिसतं. तेव्हा टेस्ट करायची ती फोनचा फ्लॅश मारून. एवढं एक वाक्य त्या डेमोत कुणी सांगितलं असतं तरी फी वसूल झाली असती.

सिलॅबसबाहेरचा पेपर

माझी एक मैत्रीण आहे. वय २८, इंजिनिअर, चांगल्या कंपनीत बॅक-ऑफिसला होती. तीन वर्षांपूर्वी तिनं घरी जाहीर केलं, की मी मेकअप आर्टिस्ट होणार. बाबा म्हणाले, ‘इंजिनिअर होऊन लोकांची तोंडं रंगवणार?’ आई काहीच म्हणाली नाही, जे जास्त वाईट असतं. नोकरीतल्या सेव्हिंगमधून तिनं लाखाच्या वर फी भरून तीन महिन्यांचा कोर्स केला. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला मराठी लग्नातला मेकअप येतच नाही.

म्हणजे काय? तर कोर्समध्ये नवरी खुर्चीत बसते, मेकअप होतो, फोटो निघतो, संपलं. खऱ्या लग्नात मेकअप संपल्यावर खेळ सुरू होतो. आदल्या दिवशी हळद लागलेली असते, त्यामुळे गळा, कान, हात पिवळेधमक. ट्रायलला परफेक्ट मॅच झालेली शेड त्या सकाळी चेहऱ्यावर वेगळीच दिसते. मुहूर्त सकाळचा असला की पहाटे चारला ब्रश हातात. मुंडावळ्या बांधल्या की कपाळाचा बेस दोरीखाली पुसला गेलाच म्हणून समजा. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ, ती नाकाच्या पाळीवरचं फाउंडेशन खाते आणि लिपस्टिकला घासते. त्यानंतर होमाचा धूर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, वर ‘हसा की जरा’ म्हणणारा फोटोग्राफर. लग्न लागलं की अष्टपुत्री बदलून शालू नेसवायचा, त्याला वेळ मिळतो जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, आणि त्याच खोलीत सोळा नातेवाईक बॅगा शोधत असतात. केसांत हेअरस्प्रेनं घट्ट बसलेल्या अक्षता वेचायच्या त्या वेगळ्याच!

शिवाय आपल्याकडे नवरीची आई मेकअपवालीला गृहीतच धरते, की ही नऊवारी नेसवणार, खोपा घालणार, गजरा माळणार. नऊवारी हा स्वतंत्र विषय आहे, पेशवाई वेगळी, साधी काष्ट्याची वेगळी. कोर्समध्ये त्याला अर्धा दिवस असतो, तोही असला तर. मैत्रिणीनं तो शेवटी तिच्या मावशीकडे बसून शिकून घेतला. मावशीची फी, एक डबा चिवडा.

मग तिनं ते केलं, जे सगळ्या ‘सर्टिफाइड’ मुलींना कमीपणाचं वाटतं. ठाण्यातल्या एका सीनियर आर्टिस्टला फोन करून म्हणाली, ‘ताई, मला असिस्ट करायचंय.’ पुढचे आठ महिने ती पहाटेच्या पहिल्या लोकलनं चाकाची पेटी घेऊन फिरली. दिवसाचे मिळायचे ते रिक्षाला आणि वडापावला पुरतील इतके. काम काय? ब्रश धुणं, पॅलेट पुसणं, पिना देणं, करवल्यांचे केस कर्ल करणं. पण या आठ महिन्यांत तिनं किती चेहरे पाहिले! मुरमांचे, वांगाचे, रात्रभर रडून सुजलेले, दाढीवाल्या नवरदेवांचेसुद्धा. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये तिला प्रॅक्टिसला मिळाल्या होत्या सहा मॉडेल्स, त्यातल्या चार म्हणजे वर्गातल्याच मुली.

तिनं सांगितलेला एक किस्सा मला विसरता येत नाही. डोंबिवलीचा हॉल. नवरी छान सावळी, रेखीव. ताईंनी बेस सुरू केला आणि नवरीची आत्या येऊन मागे उभी राहिली. ‘अहो ताई, जरा दोन शेड उजळ करा हं. सासरकडची माणसं गोरी आहेत सगळी. फोटोत काळी नको दिसायला.’ खोलीत एकदम शांतता. नवरी आरशात स्वतःकडे न बघता खाली मेंदीकडे बघायला लागली. निम्मे पैसे यायचे बाकी होते आणि पाकीट आत्याकडेच होतं.

ताई भांडल्या नाहीत. ‘बघू हं आत्या,’ म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली आणि नवरीला विचारलं, ‘तुझ्या फोनमध्ये तुला आवडलेला स्वतःचा एक तरी फोटो असेलच ना? दाखव बरं.’ तिनं मैत्रिणीच्या साखरपुड्यातला एक फोटो दाखवला. ताईंनी तो फोन आरशाला टेकवून ठेवला आणि आत्यांना म्हणाल्या, ‘ही अशी दिसते ना, तिला मी याच्याहून सुंदर करणार. उजळ केली तर मान आणि हात काळे दिसतील, आणि अल्बममध्ये लोक म्हणतील, तोंडाला पीठ फासलंय.’ आत्याला पिठाचं पटलं. बेस नवरीच्याच रंगाचा लागला, वर गालांना तांबूस विटकरी ब्लश, डोळ्यांत जाड काजळ आणि ओठांना खोल मरून. जेवणाच्या पंगतीत आत्यांनी ताईंना गाठून लिपस्टिकचा नंबर लिहून घेतला.

बघा, २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, पण आत्यांचं नाव कुणी बदललेलं नाही! त्या प्रत्येक हॉलमध्ये असतात. त्यांच्यासमोर काय बोलायचं, कुठल्या स्वरात बोलायचं आणि नवरीच्या बाजूनं कसं उभं राहायचं, हे कुठल्या मोड्युलमध्ये शिकवणार? मैत्रीण म्हणते, ‘त्या दिवशी माझ्या हातात फक्त सेफ्टी पिनांची डबी होती. पण कोर्सच्या तीन महिन्यांपेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त शिकले.’

पैशाचं बोलू काही

गुलाबी चित्र रंगवायचं नाही. हा सीझनचा धंदा आहे. तुळशीचं लग्न लागलं की फोन वाजायला लागतो, मधल्या पौषात थंडावतो, माघ ते वैशाख दम खायला फुरसत नाही. मग आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं जवळपास बंद. या चार महिन्यांत ईएमआय मात्र बंद होत नाही. ज्या टिकतात त्या मंगळागौरीच्या ग्रुपना नऊवारी नेसवतात, डोहाळजेवणं घेतात, गणपती-नवरात्रातल्या फोटोशूटवर जगतात, किंवा मालिकांच्या सेटवर रोजानं जातात. आता जाता येतं! मैत्रिणीनं नोकरी सोडताना सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला होता. तो चार महिन्यांतच संपला. पहिला पावसाळा तिनं पुन्हा जुन्या कंपनीचं पार्टटाइम काम घरून करून काढला, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटला नाही.

‘एवढंच ना, लिपस्टिक तर लावायचीये’ म्हणत फुकटात टच-अप मागणाऱ्या काकू-मावश्यांचं काय करायचं, हा राष्ट्रीय प्रश्न आहे. तिचा तोडगा असा : बुकिंगच्या वेळीच कागदावर लिहून घ्यायचं, की नवरी सोडून किती जणी, साड्या किती, प्रवासखर्च कोणाचा. अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख लिहायची नाही. ओळखीतल्यांना तर नाहीच नाही.

पेटी भरतानाही घाई नको. अकॅडमीकडून ‘डिस्काउंट’मध्ये मिळणारी किट बघून भुलू नका, त्यात आपल्याला न लागणाऱ्या शेड्सच जास्त असतात. आधी चांगले ब्रश घ्या, मग बेस, आणि आयशॅडोचे शंभर रंग सगळ्यात शेवटी. क्रॉफर्ड मार्केट किंवा पुण्यात बोहरी आळीत पिना, गंगावनं, नथी, डिस्पोजेबल मस्कारा ब्रश घाऊक भावात मिळतात, ते खुशाल तिथून घ्या. पण मोठ्या ब्रँडचं फाउंडेशन कोणी चौथ्या हिश्श्याच्या किमतीत देत असेल तर हात मागे घ्या. ते डुप्लिकेट असतं आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर लागणार असतं. लिपस्टिक कधीच कांडीवरून थेट ओठांवर नाही, स्पॅट्युलानं पॅलेटवर काढून मगच. मस्काऱ्याची कांडी एका डोळ्याला लागली की पुन्हा बाटलीत नाही. स्पॅट्युला-पॅलेट ७० टक्के अल्कोहोलनं पुसायचं. ९९ टक्केवालं जास्त कडक म्हणून चांगलं, असं समजू नका, ते जंतू मरायच्या आत उडून जातं.

कोर्स करूच नका, असं माझं म्हणणं नाही. हात बसायला, ब्रश ओळखायला, चार लोकांसमोर कात टाकायला तो लागतोच. फक्त फॉर्म भरायच्या आधी रोखठोक विचारा, की बोर्डावर ज्यांचं नाव आहे त्या स्वतः शिकवतात की त्यांच्या असिस्टंट? एका बॅचला किती मुली? बाहेरच्या किती मॉडेल्स मिळणार आणि त्यांत सावळ्या किती, चाळिशीच्या वरच्या किती? पोर्टफोलिओ शूटचे पैसे वेगळे का? नऊवारी आहे का? आणि शेवटचा प्रश्न, कोर्स संपल्यावर खऱ्या कामावर असिस्ट करायला नेणार का? या शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती ब्रोशर पुढे सरकवायला लागली, तर थँक यू म्हणून उठा आणि ते पैसे वर्षभराच्या लोकलच्या पासासाठी ठेवा.

मैत्रिणीकडे परवा गेले होते. सीझन ऐन भरात, ती सकाळपासून कल्याणला. दार बाबांनी उघडलं. गॅलरीत जुन्या टॉवेलवर चाळीसेक ब्रश ओळीनं आडवे वाळत घातले होते. मी एक उचलून कपात उभा ठेवायला गेले तर बाबा पटकन म्हणाले, ‘अगं, उभा नको! पाणी मुळात उतरतं, गोंद सुटतो, मग केस गळतात त्याचे. नवरीच्या गालावर चिकटला म्हणजे?’